जुना कोड कोण वाचणार?



सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरात मालवणी, शाळेत इंग्रजी आणि मराठी म्हणजे आठवड्याला पाच तासांचा एक विषय! त्यामुळे या लेखात 'व्हेरिएबल'ला 'चल' न म्हणता मी व्हेरिएबलच म्हटलं, तर मराठी विभागाच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या पोटापाण्याचा आहे.

पास होऊन कंपनीत लागलेल्या सीनियर्सचे फोन येतात. पहिल्या महिन्यात आवाजात आनंद असतो. तिसऱ्या महिन्यात तोच आवाज पडतो. "काय झालं?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, मेंटेनन्स प्रोजेक्टला टाकलंय." जणू काही शिक्षाच झाली! कोणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचायचा, त्यात थोडं बदलायचं आणि बाकीचं मोडणार नाही याची काळजी घ्यायची. आपल्याला वाटतं, हे काही खरं इंजिनिअरिंग नाही. खरं इंजिनिअरिंग म्हणजे कोरी फाइल उघडून नवीन काहीतरी लिहिणं.

मला वाटतं, हे उलटं आहे. कसं ते सांगते.

लाकूड कुजतं, कोड कुजत नाही. मग?

आपण किनाऱ्यावरची माणसं. पावसाळ्याआधी घराची शाकारणी करावी लागते, होडी वर ओढून तिच्या फटी बुजवाव्या लागतात, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. कौलं फुटतात, लाकूड कुजतं, लोखंडाला खारा वारा लागतो. सॉफ्टवेअरचं तसं नाही. आज लिहिलेली ओळ पन्नास वर्षांनीही तशीच राहते. तिला वाळवी लागत नाही. मग सॉफ्टवेअर जुनं होतं म्हणजे नक्की काय होतं?

डेव्हिड पार्नास या संशोधकाने १९९४ मध्ये 'सॉफ्टवेअर एजिंग' या निबंधात याची दोन कारणं दिली. एक, भोवतालचं जग बदलतं आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी राहतं. दुसरं, जगाप्रमाणे ते बदलायला गेलो तर बदल करणाऱ्याला मूळ रचना नीट कळलेली नसते, त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीबरोबर ते आणखी गुंतागुंतीचं होत जातं. म्हणजे बदललं नाही तरी म्हातारं आणि बदललं तरी म्हातारं!

याच्याही आधी मेयर लेहमन या शास्त्रज्ञाने हा विषय हाती घेतला होता. १९६० च्या दशकाच्या शेवटी तो आयबीएममध्ये होता. तिथे आणि नंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये त्याने लास्लो बेलाडी या सहकाऱ्यासोबत ओएस/३६० या प्रचंड ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकामागून एक आवृत्त्यांचा अभ्यास केला. डॉक्टर पेशंटचा ताप तक्त्यावर मांडतात तसं त्यांनी दर आवृत्तीत किती मॉड्यूल्स वाढले, कितींना हात लावावा लागला हे मांडलं. त्यातून 'सॉफ्टवेअर उत्क्रांतीचे नियम' तयार झाले. १९७४ मध्ये सुरुवात झाली आणि १९९६ पर्यंत नियम आठ झाले. आपल्याला पहिले दोन पुरेत:

१. जे सॉफ्टवेअर खऱ्या जगात वापरलं जातं, ते सतत बदलत राहावं लागतं, नाहीतर दिवसेंदिवस निरुपयोगी होत जातं.
२. ते बदलत राहिलं की त्याची गुंतागुंत वाढते. ती कमी करण्यासाठी कोणी मुद्दाम मेहनत घेतली तरच आटोक्यात राहते.

यात 'खऱ्या जगात' हे शब्द महत्त्वाचे. दोन संख्यांचा मसावि काढायचा प्रोग्रॅम एकदा बरोबर लिहिला की संपलं; मसाविची व्याख्या काही दरवर्षी बदलत नाही. पण माणसांच्या व्यवहारात गुंतलेला प्रोग्रॅम कधीच 'संपत' नाही. अशा प्रोग्रॅमला लेहमनने 'ई-टाइप' असं नाव दिलं.

गणपतीचं रिझर्वेशन

ई-टाइपचं उदाहरण शोधायला लंडनला जायची गरज नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाला आणि तेव्हापासून कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या प्रत्येक घरात गणपतीच्या रिझर्वेशनची तारीख काढायचं एक गणित सुरू झालं. आता हे गणित बघा. प्रवासाच्या किती दिवस आधी तिकीट काढता येईल, हा रेल्वेचा नियम. १ मे २०१३ ला तो १२० दिवसांवरून ६० झाला. १ एप्रिल २०१५ ला ६० वरून पुन्हा १२०. १ नोव्हेंबर २०२४ ला १२० वरून परत ६०! म्हणून २०२४ मध्ये गणेश चतुर्थीच्या, म्हणजे ७ सप्टेंबरच्या प्रवासाचं बुकिंग १० मे ला उघडलं. आणि २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती तर बुकिंग २८ जूनला उघडलं.

आकडा एकच, पण त्याच्याबरोबर अपवाद आले. २०२४ चा नियम लागू झाला तेव्हा ३१ ऑक्टोबरपर्यंत जुन्या नियमाने काढलेली तिकिटं चालूच राहिली. ताज एक्सप्रेस, गोमती एक्सप्रेससारख्या दिवसा धावणाऱ्या काही गाड्यांची मुदत आधीच कमी होती, ती तशीच ठेवली. परदेशी पर्यटकांसाठी ३६५ दिवस होते, तेही तसेच. म्हणजे 'एक आकडा बदला' हे काम एका आकड्याचं नव्हतंच.

वरून नियम बदलतात तसं खालून मशीनही बदलतं. २०२५ मध्ये रेल्वेनेच सांगितलं की तिकीट आरक्षणाची २०१० मध्ये बसवलेली यंत्रणा इटॅनियम सर्व्हर आणि ओपनव्हीएमएसवर चालते आणि ती नव्या तंत्रावर नेण्याचं काम हाती घेतलं आहे. ओपनव्हीएमएसचं मूळ १९७७ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएमएसमध्ये आहे. आणि इटॅनियम चिप पाठवणं इंटेलने २०२१ मध्ये थांबवलं. प्रोग्रॅममध्ये काही बिघाड नव्हता. पण तो ज्या जमिनीवर उभा होता तीच सरकली. लेहमनचा पहिला नियम तो हाच.

१२० चं ६० करा!

आता समजा, तुम्ही त्या मेंटेनन्स टीममध्ये आहात. साहेब म्हणाले, "१२० चं ६० करा." सोपं आहे, एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेस! थांबा. खालचा कोड बघा. (हा रेल्वेचा कोड नाही हं, समजवण्यासाठी मी लिहिलाय.)

१: मुदत = १२०
२: थांबा = १२०
३: जर परदेशी_पर्यटक तर मुदत = ३६५
४: शेवटचा_दिवस = आज + मुदत
५: सत्र_समाप्ती = आत्ता + थांबा
६: जर प्रवास_तारीख > शेवटचा_दिवस तर छापा "बुकिंग सुरू नाही"

पहिल्या ओळीतले १२० हे दिवस आहेत. दुसऱ्या ओळीतले १२० हे सेकंद. माणूस काही न करता बसला तर किती वेळाने लॉग-आउट करायचं ते. फाइंड-रिप्लेस केलं तर दोन्ही बदलतील आणि लोक अर्ध्या वेळात बाहेर फेकले जातील. गणपतीच्या बुकिंगला सकाळी आठ वाजता!

मग काय करायचं? आपल्याला ज्या ओळीचं वागणं बदलायचंय ती ओळ धरायची, इथे सहावी. ती कोणावर अवलंबून आहे? 'शेवटचा_दिवस'वर, म्हणजे चौथी ओळ. चौथी कोणावर? 'मुदत'वर. आणि चौथ्या ओळीपर्यंत 'मुदत'ची कोणती किंमत पोचू शकते? पहिल्या ओळीची किंवा तिसऱ्या ओळीची. म्हणजे आपल्या कामाच्या ओळी १, ३, ४, ६. दोन आणि पाच आपोआप गळाल्या. आता माणसाने नियम वाचून ठरवायचं: पहिली ओळ बदला, तिसरी नीट वाचा, पण परदेशी पर्यटकांचा नियम तसाच आहे म्हणून हात लावू नका.

या पद्धतीला 'प्रोग्रॅम स्लायसिंग' म्हणतात. पाव कापावा तसा प्रोग्रॅमचा नेमका हवा तो काप काढायचा. ही कल्पना मार्क वायझर याने १९७९ च्या आपल्या पीएचडीत आणि १९८१ च्या पेपरमध्ये मांडली. आणि 'कोणती किंमत कुठपर्यंत पोचते' हे शोधण्याला 'डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस' म्हणतात. सहा ओळींत हे बोटांनी होतं. सहा लाख ओळींत टूल लागतं. असं टूल कसं बनवायचं, हाच प्रोग्रॅमिंग लँग्वेज टेक्नॉलॉजी या संशोधनाचा एक मोठा भाग.

टूल आहे म्हणजे सगळं सुटलं असं मात्र नाही. अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केलं की कोणताही प्रोग्रॅम दिला तर तो थांबेल की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही. त्याच कारणाने 'ही किंमत इथे नक्की पोचेलच का?' याचंही पक्कं उत्तर दर वेळी मिळत नाही. म्हणून टूल सावध राहतं. शंका असली की 'पोचू शकते' म्हणतं आणि काप थोडा जाड काढतं. पॉइंटर आले की काप आणखी जाड! जास्तीच्या ओळी वाचाव्या लागल्या तर आपला वेळ जातो, पण एखादी ओळ सुटली तर गाडी सुटते. काप बारीकही हवा आणि त्यात एकही ओळ सुटायला नको, यासाठीच जगभरचे लोक पेपर लिहीत असतात.

हे आपल्याकडेही झालंय

एसपीसीसीच्या पुस्तकातली सगळी नावं अमेरिकेतली असतात असं मला वाटायचं. पण लायब्ररीत ज्यांचं सिस्टिम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक आपण परीक्षेच्या आदल्या रात्री शोधतो, ते प्रा. डी. एम. ढमढेरे आयआयटी मुंबईचे. त्यांनी नुसतं पाठ्यपुस्तक लिहिलेलं नाही, तर एकच हिशेब पुन्हा पुन्हा होत असेल तर कंपायलरने तो कसा टाळावा यावर मूळ संशोधन केलं. त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांच्याबरोबरचा डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसच्या सिद्धान्तावरचा पेपर १९९४ मध्ये एसीएमच्या या विषयातल्या सर्वांत मानाच्या जर्नलमध्ये आला. पुढे प्रा. खेडकर स्वतः आयआयटी मुंबईत आले. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेलं 'डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस : थिअरी अँड प्रॅक्टिस' हे पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

आयआयटी मुंबईतच जीसीसी रिसोर्स सेंटर सुरू झालं. जीसीसी म्हणजे लिनक्सवर आपण वापरतो तो कंपायलर. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमनने पहिल्यांदा दिला आणि आज त्याच्या कोडच्या ओळी एक कोटीच्या वर आहेत. तो स्वतःच उत्क्रांतीचा नमुना आहे. २००५ च्या ४.० आवृत्तीत त्याच्या आतल्या प्रोग्रॅम मांडण्याच्या पद्धतीत मोठा बदल झाला. मुळात सी मध्ये लिहिलेला हा कंपायलर २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून सी++ ने बांधावा लागतो. मधल्या काळात जगाचं काम एक दिवस थांबलं नाही. चालत्या गाडीचं चाक बदलल्यासारखंच हे! असा प्रचंड कोड नवख्या माणसाने कुठून वाचायला घ्यावा, हे शिकवण्यासाठी त्या सेंटरने शिक्षक-विद्यार्थ्यांच्या कार्यशाळाही घेतल्या.

पुण्यात १९८१ मध्ये टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर निघालं. तिथे प्रोग्रॅमचं विश्लेषण करणारी आणि मॉडेलवरून कोड तयार करणारी टूल्स यांवर काम झालं. तिथले केशव नोरी हे १९७० च्या दशकात झुरिकला पास्कलचा 'पी-कंपायलर' बनवणाऱ्या टीममध्ये होते. त्यांची युक्ती अशी, की खऱ्या मशीनऐवजी एका काल्पनिक मशीनसाठी कोड काढायचा. मग नवीन मशीन आलं की फक्त ते छोटं काल्पनिक मशीन नव्याने लिहायचं, बाकी सगळं जुनं चालतं. जावाचं व्हर्च्युअल मशीन पाठ करताना आपण हेच वाचतो. मशीन बदलणारच हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे.

आणि एक गंमत. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक, १९७४ च्या सुमारास टीसीएसने मुंबईत केलेलं, म्हणजे एका हॉस्पिटलची माहिती प्रणाली बरोज कंपनीच्या एका मशीनच्या कोबॉलमधून त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनच्या कोबॉलमध्ये नेणं. पुढे सन २००० च्या आधी, वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेले प्रोग्रॅम शोधून दुरुस्त करायचं वायटूकेचं काम आलं आणि त्याने आपल्या कंपन्यांना जगभर ओळख दिली. ज्याला आपण 'शिक्षा' म्हणतो, त्या जुन्या कोडवरच ही इंडस्ट्री उभी राहिली आहे!

भाषाही म्हातारी होते

प्रोग्रॅमच नव्हे, भाषासुद्धा बदलते. टर्बो सी++ वर शिकलेल्यांना विचारा. तो कंपायलर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा आणि सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १९९८ चं. म्हणून टर्बोवर बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम आजच्या जीसीसीवर टाकला की एररची माळ लागते. क्लिअर-स्क्रीन तर आधीपासूनच स्टँडर्डमध्ये नव्हता.

पायथनचं बघा. ३.० आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि तिने मुद्दाम काही जुन्या गोष्टी तोडल्या. साधा प्रिंटसुद्धा बदलला. आपोआप रूपांतर करणारं टूलही सोबत दिलं. तरीही जुनी २.७ आवृत्ती बंद करायला १ जानेवारी २०२० उजाडला. म्हणजे अकरा वर्षं! का? कारण टूल शब्दांचं रूपांतर करतं, हेतूचं नाही. 'भागाकार' या एकाच चिन्हाचा अर्थ बदलला, तिथे मूळ लेखकाला पूर्णांक हवा होता की अपूर्णांक, हे कोडमध्ये लिहिलेलंच नसतं.

तुम्ही म्हणाल, आता एआय आहे ना! आहे, आणि आपण सगळे वापरतो (सर, सबमिशनसाठी नाही!). पण एआयने कोड लिहिणं स्वस्त केलं म्हणजे काय केलं? आधी निदान लिहिणाऱ्याला तरी आपला कोड माहीत असायचा. आता न वाचता लिहिलेल्या कोडचा ढीग वाढतोय. म्हणजे जुना कोड वाचणाऱ्याचं काम कमी झालं नाही, वाढलं.

आपल्या मेसचं बिल

आता घरचं उदाहरण. आपल्या हॉस्टेलच्या मेसच्या बिलाचा प्रोग्रॅम एका जुन्या बॅचने व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये करून दिला. ती भाषा १९९८ ची, तिच्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये बंद केला, पण प्रोग्रॅम अजून चालतोय. त्या बॅचला मानलं पाहिजे. अडचण एकच. तेव्हा सलग तीन दिवस खाडे असले तरच पैसे कमी व्हायचे. आता नियम दोन दिवसांचा झालाय. प्रोग्रॅमला ते माहीत नाही. म्हणून मेस सेक्रेटरी दर महिन्याला छापलेल्या बिलांवर लाल पेनने हिशेब करते आणि महिनाअखेरीला मेसच्या दारात भांडणं होतात. बेळगावहून आलेल्या मुलीला दोन दिवसांचे पैसे मिळाले आणि देवगडच्या मुलीला नाही, असं होतं. रक्कम छोटी असते, पण ज्यांच्या घरी महिन्याचे पैसे मोजून येतात त्यांना ती छोटी नसते.

गेल्या तीन वर्षांत दोन बॅचेसनी 'नवीन मेस मॅनेजमेंट सिस्टिम' हा प्रोजेक्ट केला. वेबसाइट छान, रंग छान, व्हायवाला मार्कही छान. वापरात एकही नाही, कारण त्यात जुन्या डिपॉझिटचा हिशेब नाही. तो नियम फक्त जुन्या कोडमध्ये आहे आणि तो कोणी वाचलाच नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही तिघींनी तो वाचायला घेतला. स्लायसिंग केलं, कागद-पेन्सिलीने. '३' हा आकडा पुष्कळ ठिकाणी होता, पण खाड्यांचा '३' फक्त तीन जागी निघाला: मासिक बिलात, रजिस्टरच्या रिपोर्टमध्ये आणि वर्षअखेरीस डिपॉझिट परत करताना. तिसरी जागा कोणालाच माहीत नव्हती. कोणताही बदल करण्याआधी जुन्या सहा महिन्यांची बिलं प्रोग्रॅमकडून पुन्हा काढून घेतली आणि छापील बिलांशी ताडून बघितली. मग त्या तीन जागी आकड्याऐवजी एकच नाव दिलेला कॉन्स्टंट टाकला, किंमत तीनच ठेवून पुन्हा सगळी बिलं ताडली, तंतोतंत जुळली; आणि मगच तीनचे दोन केले. पुढच्या वेळी नियम बदलला तर एकच ओळ बदलायची आहे. रेक्टर मॅडमनी पुढच्या टर्मपासून एक महिना लाल पेन आणि प्रोग्रॅम दोन्ही सोबत चालवून बघायला परवानगी दिली आहे.

सगळं मिळून आमच्या हातच्या नव्या ओळी दहासुद्धा नसतील. पण सहा सेमिस्टरमध्ये लिहिलेल्या कुठल्याही असाइनमेंटपेक्षा जास्त शिकायला मिळालं. माझे आजोबा होडीवाले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "नव्या होडयेक नारळ फोडूक सगळो गाव जमता, जुन्या होडयेची भोकां बुजवूक कोण येणा नाय."

म्हणून एक सूचना

सर-मॅडमना आणि मित्रांना माझी विनंती आहे. दरवर्षी प्रत्येक ग्रुपने शून्यातून नवा प्रोजेक्ट करण्याऐवजी निदान दोन ग्रुपना मागच्या बॅचचा एखादा प्रोजेक्ट पुढे न्यायला द्यावा. मार्क असे: तो चालू करून दाखवला तर काही, त्यातले लपलेले नियम लिहून काढले तर काही, आणि काहीही न मोडता एक नियम बदलून दाखवला तर उरलेले. रिपोर्टच्या शेवटी पुढच्या बॅचसाठी दोन पानं सक्तीची: 'हे असं का केलं.' कारण कोड 'काय' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही.

यातून दोन फायदे. कंपनीत गेल्यावर जे काम खरोखर करायचंय त्याची इथेच सवय होईल. आणि आपण लिहितो तो कोड पुढच्या वर्षी ओळखीची मुलगी वाचणार आहे हे माहीत असलं, की व्हेरिएबलला 'एक्स१', 'एक्स२' अशी नावं द्यायला हात धजणार नाही!

मेसच्या प्रोग्रॅमला अजून माणसं हवी आहेत. डिपॉझिटचा भाग पूर्ण वाचून व्हायचाय आणि फर्स्ट इयरचे कोणी आले तर जास्त बरं, कारण आम्ही पुढच्या वर्षी जाणार. व्हिज्युअल बेसिक येत नसलं तरी चालेल, आम्हालाही येत नव्हतं. दर शनिवारी चार वाजता, मुलींच्या हॉस्टेलच्या ऑफिसबाहेरची व्हरांडा. येताना पेन्सिल आणि खोडरबर आणा.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी